येऊ द्या, येऊ द्या... बास!

"मागं जायला गाडी घेतल्या व्हय आमी? गाडी म्होरं जायला असत्या!"

हे वाक्य मी आमच्या शेजाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. ते ऐकताना मी बहुतेक वेळा आमच्या फाटकाच्या आतल्या बाजूला उभी असायचे. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा आणि डोक्यात नुसती आग. फाटकाच्या बाहेरच्या बाजूला त्यांची जीप. एखाद्या दिवशी दूध यायचं नाही, पाणी यायचं नाही, पेपर यायचा नाही. जीप मात्र असायचीच.

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेचे नव्हेत, एसटीचे. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. बत्तीस वर्षं त्यांनी तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर माणसं घरावर मजला चढवतात, काशीला जाऊन येतात. ह्यांनी एक जुनी हिरवी जीप घेतली. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या म्हणायच्या, "सगळा जल्म मागच्या दाराला लोंबकळण्यात गेला. आता म्होरं बसायची हौस फिटू दे त्येंची."

पण बत्तीस वर्षांची सवय अशी जाते होय? मास्तर घरात चालतानासुद्धा पाय फाकून चालायचे, खालची फरशी हलत असल्यासारखे. कानावर पेन्सिल. पँट खाकीच. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या आधी ह्यांचाच आवाज, "म्होरं सरका, म्होरं सरका, मागं लई जागा हाय!" आणि लोक निमूट सरकायचे हो! गॅसच्या रांगेत, रेशनच्या रांगेत, एवढंच काय, एकदा मयताला गेल्यावरसुद्धा त्यांनी ओट्यावर बसलेल्या माणसांना सरकवून चार जणांची जागा काढली होती.

जीपमध्ये त्यांनी छताच्या लोखंडी दांड्याला देव्हाऱ्यातली जुनी घंटा टांगली होती. तिला सुतळी बांधून ती मागच्या बाकापर्यंत ओढलेली. कुठंही निघायचं म्हणजे काकूंनी मागं बसायचं आणि सुतळी दोनदा ओढायची. टिंग टिंग! मग मास्तर गिअर टाकणार. एकदा वांग्यावरनं दोघांचं वाजलं आणि काकूंनी सुतळी ओढायला साफ नकार दिला. अर्धा तास ती दोघं आमच्या फाटकासमोर जीपमध्ये बसून होती. मास्तर पुढं बघतायत, काकू मागं बघतायत. शेवटी माझ्या सासूबाई बाहेर गेल्या, जीपमध्ये हात घातला आणि घंटी वाजवून आल्या.

मी एकदा विचारलं, "काका, घंटी नाही वाजली तर काय होतंय?"

"माणूस चढत असंल तर?"

"कोण चढणार? तुम्ही दोघंच आहात."

"सूनबाई, डबल झाल्याबिगर गाडी हलत न्हाय," ते म्हणाले, आणि विषय संपला.

आता फाटकाचं सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. आमची गल्ली अरुंद, पण आरपार. एका तोंडानं शिरायचं, दुसऱ्या तोंडानं बाहेर पडायचं. मास्तरांच्या घराला ऐसपैस फाटक होतं, आत पत्र्याची शेड होती, दोन जीपा मावल्या असत्या. पण जीप त्या शेडमध्ये कधी गेली नाही. का? तर फाटकात काकूंची रांगोळी. ती रोज सकाळी, संक्रांत असल्यासारखी, हातभर नव्हे चांगली चार हात. तिच्यावरनं चाक कसं न्यायचं? रांगोळीच्या पुढं विजेचा खांब. खांबाच्या पुढं आमचं फाटक. झालं! जीप तिथं. पुरतं नव्हे, मागचं अर्धं फाटक अडवून. पुढचं अर्धं माझ्यासाठी उदार मनानं मोकळं.

संध्याकाळी गाडीचं नाक आत घालताना त्या अर्ध्यातनं कसंबसं जमायचं. सकाळी मात्र उलटं बाहेर यायचं. आणि मी गाडी शिकून महिना झाला होता.

माझं माहेर हुपरीचं. घरात चांदीचं काम. पैंजणाच्या घुंगरांना डाग देत, म्हणजे तापवून जोडत, लहानाची मोठी झाले, त्यामुळं बारीक कामाला मी भीत नाही. पण गाडी म्हणजे बारीक काम नव्हे. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात मला नोकरी लागली. माल कुठल्या ट्रकनं कुठं गेला, ते बघायचं. आमचे हे बँकेत, बदली कोकणात. पंधरा दिवसांनी शनिवारी यायचे. आमच्या बाजूनं शिरोलीला जायला दोन बस बदलाव्या लागायच्या आणि तेवढ्यात साडेआठ गाठणं शक्य नव्हतं. म्हणून ह्यांनी एक जुनी छोटी पांढरी गाडी घेऊन दिली. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीला अट घालायची बँकेतली सवय.

"सहा महिने बघू," हे म्हणाले. "सहा महिन्यांत गाडीला एक ओरखडा जरी आला ना, तर गाडी विकायची. मग नोकरीचं तुझं तू बघ."

"एक ओरखडा?"

"एक."

सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आठ दिवस बी लागायचं न्हाईत."

म्हणजे गाडी गेली की नोकरी गेली, इतकं सरळ होतं. आणि ती नोकरी मला हवी होती. पगारासाठी म्हणाल तर होतीच, पण साडेआठला त्या फाउंड्रीच्या दारातनं आत शिरताना वॉचमन "नमस्कार मॅडम" म्हणायचा, त्याच्यासाठीसुद्धा हवी होती. खोटं कशाला बोलू?

पहिल्या दिवशी सकाळी मी फाटक उघडलं आणि बघते तर हिरवी जीप. मी त्यांचं दार वाजवलं. मास्तर पूजेतनं उठून ओल्या पंचानं बाहेर आले.

"काका, जीप जरा मागं घेता का? मला कामावर जायचंय."

मास्तरांनी फाटकाकडं बघितलं, माझ्या गाडीकडं बघितलं, एक डोळा बारीक केला.

"बसत्या की!"

"काय बसत्या?"

"गाडी बसत्या. वर वीतभर जागा उरत्या. बसा सूनबाई आत, मी घेतो तुमाला."

"अहो पण तुम्ही चार पावलं मागं घेतली तर..."

"मागं जायला गाडी घेतल्या व्हय आमी?"

आणि ते माझ्या गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. मग जो आवाज निघाला, तो त्या कृश छातीतनं निघाला ह्यावर माझा विश्वास बसेना. "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... डावं तोडा... अजून... अजून... सरळ करा... येऊ द्या... बास!" 'बास' म्हणताना डिकीवर थाप. माझा पाय आपोआप ब्रेकवर. मान वळवून बघितलं तर एका बाजूला जीप वीतभर, दुसऱ्या बाजूला फाटकाचा खांब वीतभर. पुन्हा दोन थापा. डबल! जावा!

पुढच्या वळणावर गाडी थांबवून मी ढसाढसा रडले. रागानं. मनात त्यांना हुपरीच्या बाजारातल्या सगळ्या शिव्या घातल्या, आणि आमच्याकडच्या शिव्या म्हणजे काही साध्या नसतात.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवसांनी मी पाटी करून आणली. पांढऱ्यावर लाल अक्षरं: 'फाटकासमोर गाडी लावू नये.' फाटकाला ठोकली. मास्तरांनी कमरेवर हात ठेवून ती तीनदा वाचली.

"बराबर हाय," म्हणाले. "पर आमी गाडी लावत न्हाय. लावल्या म्हंजे मुक्कामी. आमची थांबल्या."

"रात्रभर थांबल्या?"

"थांबा मोठा हाय."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाटीवर, लाल ओळीच्या खाली, काळ्या रंगानं एक नवी ओळ आलेली. अक्षर असं सुबक की गावोगावच्या फाट्यावरच्या एसटीच्या पाट्यांवर शोभावं: 'विनंती थांबा.'

मी इतकी चिडले होते की मला हसू आलं. सासूबाई तर आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसत होत्या. त्या कायम मास्तरांच्याच बाजूच्या. राधानगरीकडं त्यांच्या भावाचं घर, आणि भात निघाला की मास्तर जीपनं त्यांना तिकडं घेऊन जायचे. त्या एका उपकारावर त्यांनी सुनेला विकलं होतं.

त्या राधानगरीच्या वाटेवर एकदा मीही होते. पुढं मास्तर, मागं काकू, सासूबाई आणि मी. बसताना मास्तरांनी प्रत्येकीला सीट नंबर दिला. मला चार. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला भाताची खाचरं. समोरनं दुधाचा टेम्पो आला आणि दोघं नाकाला नाक लावून उभे. टेम्पोवाला खाली उतरला.

"मास्तर, घ्या की जरा मागं. तुमच्या मागं दहा पावलावर रुंद रस्ता हाय."

"तुमच्या मागं बी हाय."

"आमच्या मागं अर्धा मैल हाय!"

"व्हय, पर सरळ हाय. बसा तुमी पावणं. मी घेतो तुमाला."

आणि मास्तर जीप तशीच ठेवून टेम्पोच्या मागं चालायला लागले. अर्धा मैल! "येऊ द्या, येऊ द्या, उजवं तोडा, म्हस हाय, थांबा, म्हस गेली, येऊ द्या..." आवाज लांब लांब जात नाहीसा झाला. वीस मिनिटांनी मास्तर घामाघूम होऊन चालत परत आले. मग आम्ही पुढं निघालो. टेम्पो ओलांडताना त्या गाडीवाल्यानं मास्तरांना हात जोडले आणि मनापासून म्हणाला, "लई झाक घेतलासा मास्तर!" काकू माझ्या शेजारी सुतळी हातात धरून खाली मान घालून बसल्या होत्या. मला वाटलं, नवऱ्याच्या हट्टाची लाज वाटत असेल.

आणखी एक सांगते. दळपाच्या गिरणीपुढं थांबायचं विसरून जीप चार पावलं पुढं गेली, तर मास्तर अख्खा वळसा घालून, बाजार, तालीम, हायस्कूल सगळं फिरून पुन्हा गिरणीपुढं यायचे. लोक म्हणायचे, काय करारी माणूस आहे! मी म्हणायचे, काय अडेलतट्टू आहे!

पण एक गोष्ट झाली खरी. दोन महिन्यांत मला त्या वीतभर जागेची सवय झाली. मास्तर "येऊ द्या" म्हणायचे, मी आरशात न बघता गाडी सोडायचे. एक दिवस फाउंड्रीच्या आवारात दोन ट्रकच्या मधनं मी गाडी उलटी घेतली, तर चहा पीत बसलेले ड्रायव्हर उठून उभे राहिले. एकजण म्हणाला, "बाई, कुटं शिकलासा?" मी कॉलर नसताना कॉलर ताठ केली. चार महिने झाले आणि गाडीला एक ओरखडा नव्हता. हे शनिवारी यायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि काही न बोलता चहा मागायचे.

पाचव्या महिन्यात वाळूचं झालं.

पुढच्या घराचं बांधकाम निघालं होतं. सकाळी सातला ट्रक आला आणि त्यानं जीपच्या नाकासमोर वाळू ओतली. ओतता ओतता ढीग घसरला आणि फाटकातली माझी मोकळी अर्धी वाट बुजली. आता जीपला पुढं जायला वाट नाही आणि मला बाहेर यायला वाट नाही. उपाय एकच. जीप दहा पावलं मागं घ्यायची. मागं रस्ता अख्खा मोकळा. आणि त्याच दिवशी मुंबईचं गिऱ्हाईक माल बघायला येणार, नमुन्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

गल्ली गोळा झाली. "मास्तर, घ्या मागं!" "मास्तर, आज सोडा की पण!" मास्तर जीपमध्ये जाऊन बसले. इंजिन चालू केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मी वाट बघतेय. जीप थरथरतेय, हलत नाही.

"घंटी वाजवायची का?" कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, वाळू तुडवत आमच्या फाटकाशी आले. कपाळावर घाम. मी तोंड उघडणार होते, चांगलं पाच महिन्यांचं साठलेलं बोलणार होते, पण ते फाटकावरनं वाकून हळूच म्हणाले, "पोरी, मला मागं घ्याया येत न्हाय."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"लायसनाच्या वक्ताला म्होरंच चालवाया लावली, नशिबानं. मागचं कदी जमलंच न्हाय. बत्तीस वर्सं मागं हुबा राहून मी गाड्या घेतल्या. घाटात घेतल्या, चिखलात घेतल्या. पर म्होरं बसलो की हात गळत्यात. मागं कोन बी नसतंय की! येऊ द्या म्हननारा मीच. मीच म्होरं बसलो तर मागं हुबं कोन ऱ्हानार?"

सगळा राग कुठं गेला कोण जाणे. रांगोळी, वळसा, गिरणी, तो टेम्पो, सगळं एकदम डोक्यात लख्ख झालं. मागं गल्ली उभी होती आणि त्या गल्लीत ह्या माणसाच्या शब्दावर पंगती सरकत होत्या. मी घसा साफ केला आणि चार घरांना ऐकू जाईल असं ओरडले, "काका, तुमची जीप एकदा मला चालवू द्या की! लई दिवसांची हौस आहे!"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मग तसंच मोठ्यानं, "हौस हाय? मग घ्या! बसा!"

मी जीपमध्ये चढले. मास्तर मागं गेले. आणि तो आवाज निघाला, नेहमीपेक्षा दुप्पट, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बास!" मग माझी गाडी काढली. डिकीवर दोन थापा. गिऱ्हाईक यायच्या आधी मी पाच मिनिटं पोचले.

त्या संध्याकाळी काकू आमच्या मागच्या परड्यात आल्या. आमच्या भागात बायकाही 'येतो, जातो' म्हणतात, कोकणात गेल्यापासून ह्यांना त्याचं फार हसू येतं. काकू म्हणाल्या, "गुडघं दुखत्यात माजं. वाकवत न्हाय. तरी रोज येवढी मोठी रांगोळी काडतो मी. रांगोळी हाय म्हनून गाडी आत घालत न्हाय, असं सांगाया येतंय न्हवं त्यास्नी."

मग दर रविवारी सकाळी मी आणि मास्तर गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर जायचो. आता ते पुढं आणि मी मागं. पहिल्या रविवारी माझा आवाजच फुटेना.

"घशातनं नको," मास्तर खिडकीतनं डोकं काढून ओरडले. "पोटातनं! डायवरला आईवानी वाटलं पायजे, मागं कोनतरी हाय म्हनून!"

"येऊ द्या!"

"ह्ये काय, पावन्याला जेवाया बोलावतासा व्हय? अजून!"

शिकवणार कोण आणि शिकणार कोण, काही ताळमेळ नाही. मागं बघायला मान वळवली की ते पाय विसरायचे, पाय आठवले की मान विसरायचे. एकदा जीप बाभळीत घातली. पण सहाव्या रविवारी दोन दगडांच्या मधनं जीप सरळ मागं आली, मी जीपच्या मागच्या फळीवर थाप मारून "बास!" म्हटलं, आणि मास्तर आतच बसून राहिले. जाऊन बघते तर डोळे पुसत होते. "धूळ गेली," म्हणाले.

त्या गुरुवारी जीप पहिल्यांदा स्वतःच्या शेडमध्ये गेली आणि शुक्रवारी, मला सुट्टी होती त्या सकाळी, उलटी बाहेर आली. मी मागं उभी होतेच, पाणी मारायच्या निमित्तानं. काकूंनी रांगोळीची नुसती पाच बोटं ओढली. गल्लीला मास्तर एवढंच म्हणाले, "शेड मोकळी झाली, म्हनून आत लावली."

शनिवारी सहा महिने पुरे होणार होते. हे दुपारच्या गाडीनं येणार होते. सकाळी मी फाटक उघडलं. समोर काहीच नाही! अख्खं फाटक मोकळं, अख्खी गल्ली मोकळी. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी ऐटीत गाडी सुरू केली, उलटी सोडली, आणि खरं सांगते, 'बास'ची वाट बघत राहिले. बास कुणी म्हटलंच नाही. खर्रर्र! डाव्या दारावर हातभर ओरखडा आणि फाटकाच्या खांबावर पांढरा पट्टा.

मास्तर ओल्या पंचानं धावत आले. खांबाकडं बघितलं, दाराकडं बघितलं.

"बसत हुती की..." एवढंच म्हणाले, तेही अगदी हळू.

"गेली काका," मी रडायलाच लागले. "गाडी गेली, नोकरी गेली. आज हे येतायत."

त्यांनी ओरखड्यावरनं बोट फिरवलं. मग डिकीवर दोन थापा मारल्या. "कामाला जावा आदी."

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी मी परत आले, तर गल्लीत ही गर्दी. हिरवी जीप आमच्या फाटकासमोर तिरकी उभी, मागचं चाक आमच्या पायरीवर चढलेलं. हे हातात बॅग घेऊन उभे, आणि मधोमध मास्तर, पंगतीच्या आवाजात सांगत होते.

"चूक माजी हाय. सकाळी सूनबाईची गाडी नीट हुबी हुती. मी जीप मागं घ्याया गेलो आन् घासली. बत्तीस वर्सं एसटीत काडली, पर खरं सांगतो, मला मागं घ्याया येत न्हाय. कदीच येत नव्हतं!"

गल्लीत कुणीतरी फसकन हसलं आणि सगळेच हसायला लागले. मास्तर हसू देत उभे राहिले, पाय फाकून, एक हात वर, नसलेला दांडा धरून. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. गेल्याच रविवारी तो माणूस मागं घ्यायला शिकला होता हो! मला ओरडून सांगावंसं वाटलं आणि मी नुसती किल्ली पर्समध्ये टाकली.

हे वाकून गाडीचा ओरखडा बघायला लागले. मग खांबावरचा पांढरा पट्टा बघितला. मग हिरवी जीप बघितली. चेकवरची सही पडताळावी तसं पुन्हा एकदा सगळं बघितलं. हिरवी जीप घासून खांबाला पांढरा रंग कसा लागला, हे ह्यांना कळलं नसेल असं मला आजही वाटत नाही.

"मग हिची चूक नाही," हे म्हणाले, आणि चहा मागितला. गाडी राहिली. नोकरीही राहिली, पुढं चांगली अकरा वर्षं.

मास्तरांचं मात्र व्हायचं ते झालं. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना बघून "मास्तर, मागं, मागं!" करायला लागली. पंगतीत "म्होरं सरका" म्हटलं की कुणीतरी म्हणायचंच, "मागं सरकता येतंय का तुमाला?" आणि आता ज्याला मागं घ्यायला येत नाही, तो जीप शेडमध्ये कशी घालणार? जीप पुन्हा आमच्या फाटकासमोर आली. अर्धं फाटक अडवून. काकूंनी गुडघे चोळत पुन्हा चार हातांची रांगोळी सुरू केली. मी म्हटलं, "काका, आता सांगू या की सगळ्यांना. मी सांगते."

"काय सांगतासा? मागं जायला गाडी घेतल्या व्हय आमी?"

रोज सकाळी ते ओल्या पंचानं बाहेर यायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "बसत्या की!" मी म्हणायचे, "बसत्या, काका." फाटकाबद्दल मी पुन्हा कधी तक्रार केली नाही.

मास्तर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. जीप कुणा पावण्यानं नेली. आता गल्लीत दारोदारी गाड्या आहेत आणि कुणी ना कुणी माझ्या फाटकासमोर लावतोच. त्यांना मी हुपरीचा हिसका दाखवते. माझ्या नव्या गाडीत मागं घेताना काहीतरी टुकटुक वाजतं; मला ते आवडत नाही. त्याच्या वर मी स्वतःच मोठ्यानं म्हणते, "येऊ द्या, येऊ द्या," आणि पोटातनं म्हणते.

गेल्या दिवाळीला फाटक रंगवायला काढलं. रंगारी पाटी खरवडायला लागला, त्यानं विचारलं, "बाई, दोन्ही ओळी पुसू का?"

"वरची पूस," मी म्हटलं. "खालची ऱ्हाऊ दे."